पहिला तास कापायचा का?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबनं चिनी दिग्दर्शक किंग हू यांचा तलवारबाजीचा सिनेमा 'अ टच ऑफ झेन' दाखवायचं ठरवलंय. सिनेमा तीन तासांचा आणि पहिली मारामारी यायलाच जवळजवळ तास जातो. पोरं उठून जातील, तेव्हा सुरुवात कापा, असं काही जण म्हणतात. काय करावं?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : काऊन कापता बाप्पा! रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं पाहणारी माणसं आपल्या विदर्भातली, तीन तासांचं काय घेऊन बसलात? पहिल्या तासात एक गरीब चित्रकार आहे आणि 'परीक्षा दे, लग्न कर' म्हणून त्याच्या मागे लागलेली आई. तुमच्या पोरांना हे सबटायटलशिवायही कळेल. शेजारच्या ओसाड गढीत राहायला आलेली तरुणी कोण, हे त्याला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. हा तास काढलात तर उरते नुसती हाणामारी. तिच्यासाठी मग हाच सिनेमा कशाला?

बांबूच्या बनातली झुंज मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. नटांनी ट्रॅम्पोलिनवरून (उसळी देणाऱ्या ताणलेल्या कापडावरून) उड्या घेतल्यात, पण अख्खी उडी सलग दिसत नाही. पाय जमिनीवरून सुटतो, बांबूंमधून कपड्याची झलक जाते आणि पुढच्या क्षणी तलवार शत्रूच्या अंगावर. मधलं सगळं आपणच मनात भरतो. 1975 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला, तो काही उगाच नाही. झुंजी बसवणारे हान यिंग-चिए बीजिंग ऑपेरात, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या चिनी रंगभूमीवर, तयार झालेले. हालचालींतला ताल तिथूनच आलाय. कोणी उड्यांना हसलंच, तर हसू द्या.

मध्यंतर या झुंजीनंतरच घ्या. तैवानमध्ये सिनेमा दोन भागांत लागला, तेव्हा पहिला भाग इथंच संपला होता.

प्रत जुनी घेऊ नका. 2015 साली कानमध्ये दुरुस्त केलेली 4के (खूप स्पष्ट चित्राची डिजिटल) प्रत दाखवली होती, तीच हक्कदारांच्या परवानगीनं मिळवा. रात्रीचे प्रसंग खूप आहेत, त्यामुळे खेळ दिवेलागणीनंतरच लावा. दुपारी पडदे कितीही ओढा, नागपूरचं ऊन आत शिरतंच. सपाट हॉलमध्ये पडदा हातभर वर बांधा, नाहीतर मागच्यांना सबटायटलऐवजी पुढच्यांची डोकी दिसतील. आणि कूलर आधी लावून हॉल गार करा, पण सिनेमा सुरू झाला की तो पडद्याजवळचा मोठा कूलर बंद. त्याच्या घरघरीत बनातला वाराही ऐकू यायचा नाही.