फाटकाजवळचं झाड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या वाचनालयाने दर महिन्याला एक मोफत निसर्ग-व्याख्यान सुरू केलं आहे. पहिला विषय होता ‘शहरी जैवविविधता : आव्हाने आणि संधी’. अकरा जण आले, त्यातले चार आमच्याच कार्यकारिणीतले. पुढच्या वेळी बिबट्या ठेवला की गर्दी होईल, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. ठेवावा का?
— एक कार्यकर्ती, मुलुंड

उत्तर : विषयाचं नाव वाचून मीसुद्धा घरीच बसले असते हो! ‘आव्हाने आणि संधी’ म्हटलं की डोळ्यांपुढे चहाचा कागदी कप आणि लांबलेलं आभारप्रदर्शन येतं.

पण तुम्हाला हसायचा हक्क मला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका सभागृहात मी ८४ स्लाइड्स घेऊन गेले होते. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, सगळं सांगून टाकायची खोड. नवव्या स्लाइडला प्रोजेक्टरचा दिवा गेला. आयोजक बिचारे घामाघूम. मी म्हटलं, चला, खाली फाटकापाशी जाऊ, तिथे एक रेन ट्री आहे.

पावणेसात वाजले होते. कुंपणावर आलेली एक फांदी हाताला लागत होती. तिची पानं मिटलेली, एकेक पर्णिका (संयुक्त पानातलं छोटं पान) शेजारणीला चिकटून बसलेली. वीस वर्षं त्याच झाडाखाली स्कूटर लावणारे एक आजोबा म्हणाले, “हे रोज झोपतं?” रोज. शिवाय आभाळ भरून आलं तरी पानं मिटतात. मूळचं हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण मुंबईकरांच्या डोक्यावर इतकी वर्षं सावली धरून आहे की त्याला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेवढ्यात वॉचमन पुढे आला. त्याच्या ओंजळीत देशी बदामाच्या बिया होत्या, वरचा गर ओरबाडलेल्या. “मॅडम, ये रोज रात को कौन फेकता है?” तो दाखवत होता ती जागा उंच, सरळसोट खोट्या अशोकाखालची, आणि बदामाचं झाड शेजारच्या इमारतीत. उत्तर : वटवाघूळ. फळांनी लगडलेल्या झाडावरच बसून खात राहणं धोक्याचं, म्हणून ते फळ तोंडात धरून दुसऱ्या आडोशाच्या झाडावर नेतं, गर चघळतं, चोथा थुंकतं आणि बी खाली टाकतं. पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर सकाळी दिसतो तो पसारा याचाच. पंचवीस माणसं माना वर करून चाळीस मिनिटं उभी होती. वरच्या ७५ स्लाइड्सची कुणालाही आठवण झाली नाही. (मला झाली, खोटं कशाला बोलू.)

तेव्हा अर्धा तास आत बोला आणि अंधार पडायच्या बेताला सगळ्यांना बाहेर काढा. फलकावर लिहा, ‘आपल्या गेटवर बदाम कोण टाकतं?’ वॉचमन, माळी, झाडूवाल्या मावशी यांना नावानिशी बोलवा. पहाटे आणि रात्री झाडाखाली तेच असतात, त्यांच्याकडची माहिती वक्त्याकडे नसते.

आता बिबट्या. जरूर ठेवा, पण तीन-चार व्याख्यानं झाल्यावर, माणसं एकमेकांना ओळखू लागली की. पुढच्याच वेळी ठेवलात तर सभागृह भरेल आणि सगळा वेळ ‘पकडून दूर का सोडत नाहीत?’ यात जाईल. तुमच्या मुलुंडला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची (इंग्रजी आद्याक्षरांत एसजीएनपी) हद्दच लागून आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आणि चहूबाजूंनी माणूस. २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वनखातं, अभ्यासक आणि नागरिक हेच वस्त्यावस्त्यांतून सांगत आले : उघडा कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. एक बिबट्या उचलून नेला तर रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि अनोळखी जागी सोडलेला तिकडे घोटाळा करतो. वनखात्यातल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला बोलवा आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्ठा लिहून ठेवा.

प्रश्न : व्याख्यान मोफत असेल तर वक्त्याला मानधन द्यायचं का? आमच्या समितीत यावरून मतभेद आहेत.
— एक खजिनदार, ठाणे

उत्तर : मोफत ते ऐकणाऱ्याला. वक्त्याला निदान रिक्षाभाडं तरी द्या! मला एकदा वृक्षसंवर्धनावर बोलल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ मिळाला होता. परतीच्या रिक्षाचे पैसे माझे. नारळाची मात्र चटणी छान झाली.

प्रश्न : बाई, तुमच्या व्याख्यानाला आलो होतो. आमच्या आवारातल्या गुलमोहराची एक वाळकी फांदी पावसाळ्याआधी तोडायची आहे, पण तिला एक गोल भोक दिसतं आणि दिवसभर जवळपास ‘टुक्-टुक्’ चालू असतं. काय करावं?
— एक सोसायटी-सचिव, पुणे

उत्तर : तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. आवाज तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा, म्हणून हे नाव. त्याला चोचीने कोरायला वाळकं, मऊ पडलेलं लाकूडच लागतं. आपण ‘मेलेली फांदी’ म्हणतो, ती त्याची चाळ. भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला असतं, लहानसं लिंबू जाईल एवढं. वीण साधारण उन्हाळ्यात आणि आपली छाटणीही नेमकी तेव्हाच.

सकाळी अर्धा तास खुर्ची टाकून बसा. दोघं आळीपाळीने आतबाहेर करत असतील तर आत अंडी किंवा पिल्लं आहेत असं समजा आणि करवत बाजूला ठेवा. वन्यजीव कायद्यात रानपाखरांची अंडी आणि घरटी मोडणंही शिकारीतच मोडतं. पिल्लं उडाली की मग पाहा. तेव्हाही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागेलच, कारण राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खाजगी आवारालाही लागू आहे. फांदी रस्त्यावर किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर नसेल तर टोक कमी करून भोकाचा भाग राहू द्या. वीण संपल्यावरही तांबट रात्री अशा ढोलीत झोपायला येतो.

आणि बुंध्याला गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत का तेही बघा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. तुम्हाला आदेशाची वाट बघायचं कारण नाही, एका सुट्टीच्या दिवशी पहार आणि दोन माणसं पुरतात.

फांदीचा फोटो पाठवा. खालून काढा, भोक दिसेल असा. मागच्या वेळी एकांनी पाठवलेल्या फोटोत नुसती त्यांची नवी गाडी होती.