औषध मेंदूत शिरतं ते कसं: भेदून, ओलांडून की झिरपून?

वडिलांच्या कंपवाताच्या गोळ्यांची माहिती घरच्यांसाठी मराठीत लिहून काढणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'लेव्होडोपा रक्त-मेंदू अडथळा भेदतं' हे वाक्य चालेल का? (लेव्होडोपा हे त्या गोळ्यांतलं औषध. रक्त-मेंदू अडथळा म्हणजे रक्तातलं काय मेंदूत शिरू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणारी तिथल्या केशवाहिन्यांची भिंत.)

व्याकरण चोख आहे. मला खटकतं ते 'भेदतं'. भेदायचा तो तट, नाहीतर चक्रव्यूह. भेदल्यावर मागे खिंडार उरतं. लेव्होडोपा असला पराक्रम करत नाही. कंपवातात मेंदूला डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, पण ते नुसतं रक्तात सोडलं तर आत जात नाही. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांच्या जातीतलं. अमिनो आम्लांची ने-आण करणारी प्रथिनं त्या अडथळ्याच्या पेशींवर असतात, ती त्याला घरचंच समजून आत घेतात. म्हणून तर डाळ-पनीर भरपेट खाल्ल्यावर घेतलेली गोळी काहींना नीट लागू पडत नाही. जेवणातली अमिनो आम्लंही त्याच दाराशी रांग लावून असतात! इथे 'ओलांडतं' हेच क्रियापद बसतं.

दारू मेदात विरघळते, तिला कुणाची ओळख लागत नाही, ती 'झिरपते'. जुलाबावरचं लोपेरामाइड खरं तर अफूच्या जातकुळीतलं, पण नेहमीच्या मात्रेत नशा देत नाही, कारण शिरू पाहताच तिथलं एक प्रथिन त्याला 'हुसकावतं'.

आता 'अडथळा'. १८८५मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तर बाकी अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. पुढे १९२१मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ लीना स्टर्न यांनी त्यासाठी 'बॅरिएर' हा फ्रेंच शब्द वापरला. जर्मन शब्द आहे 'श्रांके'. रेल्वे फाटकाच्या आडव्या दांड्यालाही तिकडे हेच दोन शब्द आहेत. म्हणजे मुळात ते उघडझाप होणारं फाटक. आपला 'अडथळा' मात्र रस्त्यात पडलेल्या झाडासारखा, बाजूला सारायचा.

मी 'वेस' म्हणेन. वेशीतून गावकरी जातो, परका अडतो. उपमा पुरती जुळत नाही हेही खरं. मेंदूभोवती अशी एकच वेस नाही. आतल्या प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीत पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. तरी क्रियापदं आपोआप जुळतात. मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं तीव्र द्रावण मानेतल्या धमनीतून दिलं की त्या पेशी आकसतात आणि वेस काही काळ 'किलकिली' होते. सूक्ष्म बुडबुड्यांच्या जोडीने ध्वनिलहरींचा मारा करूनही तेच साधतात. मेंदूच्या आवरणाला सूज आली की आजारच वेशीला 'भगदाड' पाडतो, आणि पेनिसिलिन एरवीपेक्षा जास्त आत पोचतं.

तेव्हा असं लिहा: 'लेव्होडोपा वेस ओलांडून मेंदूत जातं. सोबतचं कार्बिडोपा वेशीबाहेरच थांबतं, आणि लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन होणं रोखतं.' 'रक्त-मेंदू अडथळा' एकदा कंसात राहू द्या, डॉक्टरांशी बोलताना लागेल.