ओंटारिओत लॉनचं काम मिळवायचं तर भाव कसा द्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आसगाव-शिवोलीच्या बंगल्यांच्या बागा सांभाळता, आता कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जायचंय, तिथे लॉनची गिऱ्हाइकं कशी जोडायची? गवत कापणं तुम्हाला येतंच. अडेल ते विक्रीत.

आधी परवान्याचं. एकाच मालकाचं नाव असलेल्या वर्क परमिटवर येणार असाल तर स्वतःचा धंदा विसरा, त्या मालकाकडे नोकरीच करावी लागेल. पुढचं सगळं धंदा करता येतो असं धरून.

गोव्यात आपण जागा बघतो, चहा होतो, महिन्याचा आकडा ठरतो आणि माळी बारा महिने जातो. इकडे कापणी मे ते ऑक्टोबर, साधारण 26 आठवडे. गिऱ्हाईक मार्च-एप्रिलमध्ये दोघा-तिघांना एकदम विचारतं, आणि ज्याचा लेखी भाव आधी पोचतो त्याचं पारडं जड. म्हणून दर घर बघायला धावू नका. पत्ता घ्या, गूगल मॅप्सच्या उपग्रह चित्रावर पुढचं-मागचं लॉन वेगळं मोजा. झाडाखालचं त्यात दिसत नाही, तेवढ्याचा फोटो मागवा. मागच्या फाटकाची रुंदी विचाराच. 36 इंच पट्टा कापणारं मशीन 36 इंची फाटकातून जात नाही, आणि मागची बाजू लहान मशीनने कापायची तर वेळेचं गणितच बदलतं.

भाव चौरस फुटावर सांगा, पण काढा मिनिटांवर. समजा दोघांना जागेवर 25 मिनिटं आणि गाडीने 10, म्हणजे 70 माणूस-मिनिटं. तासाला माणशी 55 डॉलर धरले तर 64 डॉलर होतात. तेच घर आधीच्या गिऱ्हाइकापासून 2 मिनिटांवर असेल तर 54 माणूस-मिनिटं, साडेएकोणपन्नास डॉलर. म्हणून जाहिरातीवर पैसे घालण्याआधी ज्या गल्लीत काम चालू आहे तिथली शेजारची घरं धरा. पाच गावांत पसरलेली वीस गिऱ्हाइकं म्हणजे पेट्रोल जाळायचा धंदा. एचएसटी, म्हणजे विक्रीवरचा कर, 13 टक्के वेगळा लिहा. चार तिमाहींत मिळून 30,000 डॉलरच्या वर उलाढाल गेली की या कराची नोंदणी सक्तीची.

भाव पाठवल्यावर दोन दिवसांनी फोन, आठवड्याने एक मेल, मग पुरे. मेल आणि मेसेजला 2014 पासून कडक कायदा आहे. नुसती चौकशी करणाऱ्याला सहा महिने, पैसे देऊन काम घेतलेल्याला दोन वर्षं पाठवता येतात. त्यापुढे स्पष्ट संमती हवी. गिऱ्हाइकाच्या घरी बसून सही घेतली तर 50 डॉलरच्या वरच्या करारातून गिऱ्हाईक दहा दिवसांत कारण न देता बाहेर पडू शकतं, म्हणून सही झाली की लगेच खतं-बियाणं विकत घेऊ नका.

करारात भांडण होतं ते जुलै-ऑगस्टवर. उन्हाळ्यात केंटकी ब्लूग्रास हे लॉनचं गवत मंदावतं, कापायला काही नसतं, आणि गिऱ्हाईक विचारतं पैसे कशाचे. दर कापणीला पैसे की सहा समान हप्ते, आणि न कापलेल्या आठवड्याचं काय, हे आधीच लिहा. माझं मत हप्त्यांकडे.

‘तण पूर्ण जाईल’ हे वाक्य कधीही लिहू नका. लॉनवर शोभेपुरती तणनाशकं 2009 पासून बंद आहेत. लोहयुक्त फवारे चालतात, पण ते डँडेलियन या तणाची पानं जाळतात, मूळ पुन्हा फुटतं. शिवाय धंद्यासाठी फवारणी करायला परवाना लागतो.

खरी कमाई एरेशन (मशीनच्या दात्यांनी लॉनला भोकं पाडणं) आणि वरून बी पेरण्यात. ते काम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे चवथीची गडबड असते तेव्हा. पण विकायचं जुलैत, कापणीच्या बिलासोबत. जमीन कोरडी-टणक असेल तर दाते दोन-तीन इंच खाली जातच नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी पाणी घालणं गिऱ्हाइकाच्या माथी, असं लिहून घ्या. स्प्रिंकलरची तोंडं आणि कुत्रा आवाराबाहेर जाऊ नये म्हणून जमिनीत पुरलेली वायर त्याने झेंडे लावून दाखवायची; झेंडा नसलेलं काही तुटलं तर दुरुस्ती त्याची, हे भावपत्रावरच छापा.