बालवाडीतला पहिला भोंडला

ताई, तीन-चार वर्षांच्या मुलांना भोंडल्याची सगळी गाणी शिकवायला जाऊ नका. एकच घ्या, त्यातलीही दोन कडवी, आणि घटस्थापनेच्या आधीपासून रोज म्हणा. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरण्याआधी मुलांना खाली बसवून हाताचा हत्ती करायला शिकवा: मधलं बोट सोंड, बाकीची चार पाय. हा हत्ती मांडीवरून चालू लागला की लाजरी मुलंसुद्धा गाऊ लागतात. चाल सावकाश ठेवा; लहान बोटं शब्दांच्या मागून येतात, त्यांना वेळ द्या. हस्ताच्या पावसासाठी बोटांची टोकं जमिनीवर वाजवायची. खिरापत मात्र डबा हलवून, वास देऊनच ओळखायला लावा. तिखट की गोड, एवढं विचारलं तरी वर्ग दणाणतो.