मासळीची पिकअप, पिवळे हेडलाइट आणि दोन रविवार

होईल, पण एका रविवारात नाही. तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं मासळी वाहिलेली जुनी बोलेरो पिकअप घेतलीत, हौद्यात आणि केबिनमध्ये वास बसलाय, अंगावर चिखल-तेलाचा थर आहे, हेडलाइट पिवळे पडलेत, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) महिन्यावर आलंय आणि डिटेलिंगवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून हे घरी जमेल का असं विचारताय. मी याच वाटेने गेलोय. माझा मुंबईत भांडुपला मंडप-डेकोरेशनचा धंदा. २०१९ साली ससून डॉकच्या, म्हणजे मासळीच्या बंदराच्या, फेऱ्या मारलेली एक पिकअप स्वस्तात मिळतेय म्हणून उचलली. घरी आणल्यावर डोक्यात प्रकाश पडला की गणपती तोंडावर आलेत आणि या वासाच्या गाडीतून बाप्पाची मूर्ती आणायला एकही मंडळ तयार होणार नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. गाडी भिजवायची असते आणि हेडलाइट घासायचे असतात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पत्र्यावरची वाळलेली माती फडक्याने खसाखसा पुसतात, त्यात रंगावर ओरखडे पडतात. आणि हेडलाइटवर मात्र बोटभर टूथपेस्ट फिरवून मोकळे होतात.

सुरुवात हौद्यापासून. फाळका पाडा, ताडपत्री, दोऱ्या, लाकडी फळ्या, सगळं बाहेर काढा आणि आधी कोरडंच झाडून घ्या. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात. माझ्या गाडीला ती आहेत हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, इतकी ती खवल्यांनी गच्च बुजली होती. सायकलचा स्पोक घालून टोचली, तेव्हा खालून शाईसारखं काळं पाणी पडलं आणि गल्लीतली चार मांजरं धावत आली. अर्धा वास तिथेच कोंडलेला होता. पत्रा सडतो तोही याच कोपऱ्यांत.

पहिल्या दिवशी मी हौसेने कढत पाणी ओतलं होतं. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, मासळी विकणाऱ्या एक मावशी जाता जाता थांबल्या. "मच्छीला कुनी गरम पान्यानं धुतंय का रं?" म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. रक्त आणि माशाचा चिकट रस म्हणजे प्रथिनं. गरम पाणी लागलं की ती अंड्यासारखी शिजून पत्र्याला घट्ट धरतात. आधी गार पाणी, तेही मारून लगेच घासायचं नाही, अर्धा तास ओली पोती अंथरून ठेवायची. खवले फुगून आपोआप सुटतात. मग धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर घातलेलं पाणी, लांब दांड्याचा ब्रश, आणि आता हवं तर कोमट पाणी, कारण उरलेला तेलकटपणा त्याने निघतो.

एवढं करूनही वास राहतोच. त्याला इलाज मावशींच्याच घरातला. मासळी साफ केल्यावर हाताला लिंबू का चोळतात? माशाच्या वासात ट्रायमिथाइलअमीन नावाचं द्रव्य असतं, ते अल्कधर्मी. आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून नाकाला लागत नाही. हौद्याला लिंबं पिळत बसू नका, पांढरं व्हिनेगर आणा. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, फवारून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि मग भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडास साफ करायचं ॲसिड तर गाडीजवळही आणू नका. पत्रा पहिल्या दिवशी चकचकीत दिसतो आणि आठवड्याभरात लालभडक गंजतो.

केबिनमध्ये वासाची दोन घरं. एक म्हणजे सीटचा फोम. बाकडं बोल्ट काढून बाहेर घ्या. फोममध्ये वर्षानुवर्षं ओल्या कपड्यांनी बसलेल्या माणसांचं पाणी मुरलेलं असतं, तो धुऊन सुधारत नाही. नवीन टाकून घ्या, इथे काटकसर नको. दुसरं घर म्हणजे रबर मॅटच्या खालचा नमदा, म्हणजे जाड घोंगडीसारखा थर. माझ्या गाडीत तो पिळता येईल इतका ओला होता आणि त्याखालचा पत्रा फुगलेला. नमदा फेकला, पत्रा घासून गंजरोधक प्रायमर मारला आणि दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात वाळवली. सीटखाली मला खवल्यांच्या थरात दोन रुपयांची तीन नाणी, वाळलेल्या मिरच्या आणि कुणाचा तरी एका पायाचा गमबूट सापडला. बूट अजून आहे, त्यात मी स्पॅनर ठेवतो. गाडीत टांगायची सेंटची बाटली मात्र एवढ्यात घेऊ नका. मासळी अधिक मोगरा हा वास नुसत्या मासळीपेक्षा वाईट असतो.

खालची बाजू घरी करू नका. रॅम्प असलेल्या वॉशिंग सेंटरवर जा आणि चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), चाकांच्या वरच्या कमानी आतून प्रेशरने धुऊन घ्या. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी गळत असतं, ते चॅसीच्या जोडांत बसून लोखंड खातं. धुणारा डिझेल मारू का विचारेल. नको म्हणा, रबराचे बुश फुगतात. पावसाळ्याआधी चॅसीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, माझे काकाही फासायचे. त्यावर धूळ चिकटून राहते, रबर खराब होतं आणि तेल ठिबकत रस्त्यावर जातं. चॅसी वाळली की तारेच्या ब्रशने गंज काढून अंडरबॉडी कोटिंग मारा. इंजिनमध्ये मात्र प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवा घ्यायचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा, इंजिन गार असताना डिग्रीजर (तेलकटपणा काढायचं द्रावण) फवारा, ब्रश फिरवा, हलक्या धारेने धुवा.

बाहेरच्या रंगाचं थोडक्यात सांगतो. सकाळी सहाला, सावलीत, वरून खाली. फेसाचं पाणी मारून दहा मिनिटं सोडा, धार मारा, मगच हात लावा. दोन बादल्या ठेवा, एक शॅम्पूची, एक कापड खळबळायची. पाण्याचंही बघा. महापालिकेचं तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी मऊ असतं, पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर ते वाळून पांढरे ठिपके पडतात. पिण्याचं पाणी गाडीवर ओतायलाही जिवावर येतं. मी पहिले हात बोअरच्या पाण्याने करतो आणि शेवटची एकच बादली नळाची, मग लगेच पुसतो.

गाडी लोकलच्या रुळांच्या कडेला उभी राहत असेल, माझी राहते, तर पांढऱ्या रंगावर बारीक नारिंगी ठिपके दिसतील. तो ब्रेक आणि रुळांवरून उडालेला लोखंडाचा कीस, रंगात रुतून गंजलेला. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हात फिरवा, खरखर कळेल. त्याला आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. घाबरू नका, ते काम करतंय. रंग खडूसारखा फिका झाला असेल तर रबिंग करा, म्हणजे कंपाउंड लावून घासा, पण कडांवर हात हलका ठेवा, तिथे रंग पातळ असतो.

आता हेडलाइट. काम खरं इथेच आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

समोरची जी काच आपण म्हणतो ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. दणकट, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर देतात. काही वर्षांनी तो थर उन्हाने मरतो, सोलतो, आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. म्हणजे तुम्हाला दोन कामं करायची आहेत: मेलेला थर पूर्ण काढणं, आणि नवा चढवणं. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, त्याने वरवर चकाकी येते, पण दुसरं काम राहून जातं. मीही आधी तेच केलं. महिन्यात पुन्हा पिवळे. डासांचा स्प्रे मारून क्षणात हेडलाइट चमकवायचे व्हिडिओ फिरतात, त्यात प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळतो. पेट्रोल आणि थिनरही लावू नका, पॉलिकार्बोनेटला जाळीसारख्या चिरा जातात.

आधी परीक्षा घ्या. हेडलाइटवर पाणी ओता. ओला असताना तो बऱ्यापैकी स्वच्छ दिसला तर खराबी बाहेरून आहे आणि घासून निघेल. ओला करूनही आत ढग दिसत असेल, थेंब दिसत असतील किंवा मागच्या रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, तर घासण्यात वेळ घालवू नका. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन नवीन जोडी घ्या.

वॉटर पेपर, म्हणजे ओले करून घासायचे पॉलिश पेपर, नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात: १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तरच आधी ८००. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावा. पेपर दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, पाण्यात शॅम्पूचा थेंब टाका. १००० ने आडवं घासा. ओघळणारं पाणी सुरुवातीला हळदीच्या पाण्यासारखं पिवळं येईल, बोटाला चिकट लागेल. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला लागलं आणि हाताखाली सगळीकडे सारखं गुळगुळीत लागलं की मेलेला थर गेला. मग १५०० ने उभं, २००० ने पुन्हा आडवं, ३००० ने उभं. दिशा बदलायची ती यासाठी, की आधीच्या पेपरच्या रेषा अजून शिल्लक आहेत का ते दिसावं. एक नंबर गाळलात तर त्याआधीच्या पेपरच्या रेषा रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात चमकतात.

या टप्प्यावर हेडलाइट बाथरूमच्या खिडकीसारखा दिसेल. माझ्या बायकोने बघून "होता तो बरा होता" असं म्हटलं होतं. पुढे रबिंग कंपाउंड, मग पॉलिश, ड्रिलला फोमचं पॅड लावून. मशीन एका जागी धरू नका, प्लॅस्टिक तापून मऊ पडतं. इथे तो उघडतो, आतला बल्ब दिसायला लागतो, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

थांबू नका. आता तो उघडा आहे, काही महिन्यांत परत पिवळा पडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, हेडलाइटसाठीचा यूव्ही क्लिअर, म्हणजे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर, मारा. दोन पातळ हात, मध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. नुसता रुमाल बांधून तो मारू नका, कार्बन फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा हवी. नुसतं वॅक्स लावलंत तर दर काही आठवड्यांनी लावत बसावं लागेल.

आणि पावसात मारू नका. मला गणपतीची घाई, मी भर जुलैत, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत स्प्रे मारला. दमट हवेत क्लिअर दुधाळ झाला, सगळं पुन्हा १५०० पासून. तुमचं पासिंग पावसाळ्यात येत असेल तर क्लिअर मारायचं काम कोरड्या गॅरेजमध्ये जाऊन करा.

पासिंगला नेण्याआधी फोकस सेट करून घ्या. हेडलाइट उतरवून लावले असतील तर तो हलतोच. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. दुकानदार ९०/१०० चा देईल, त्याच्या उष्णतेने होल्डर आणि वायरिंग जळतं, पासिंगलाही अडतं. व्यावसायिक गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस लागतं, म्हणजे ही कसरत तुम्हाला अधूनमधून करायचीच आहे. क्लिअर नीट बसला असेल तर पुढच्या वेळी नुसतं पॉलिश पुरतं.

वास गेला का, हे स्वतःच्या नाकाने ठरवू नका, त्याला सवय झालेली असते. मी मांजरांवर सोडलं होतं. पहिल्या रविवारनंतर चारातली दोन हौद्यात चढायची बंद झाली, सीट बदलल्यावर तिसरी गेली. चौथी, तांबडी, अजून रोज रात्री गाडीखाली येऊन झोपते, पण ती इंजिनच्या उबेला येते असं मी मंडळाच्या पोरांना सांगितलं आणि त्यांनी मूर्ती चढवली.