पोच घे

सांगली, २० सप्टेंबर

चि. पोरी,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा नुसतं रडणंच कानावर आलं. दुसऱ्यांदा मागचा नळ ऐकू आला. रूममेटला कळू नये म्हणून बाथरूममध्ये बसून बोलत होतीस ना? तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा मुद्दे हाती लागले. दहावीत तुझी उत्तरपत्रिका अशीच असायची. उत्तर बरोबर, पण ते कुठं लिहिलंय ते शोधावं लागायचं.

फिजिक्स शिकवायला म्हणून शारजाला नेलं आणि पहिली-दुसरीचे वर्ग आणि बसची ड्यूटी गळ्यात मारली. एका खोलीत चौघीजणी. हे सगळं खरं आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही. सोडायचं हे तू ठरवलं आहेस. मला झोप लागली नाही ती तुझ्या नवव्या मिनिटातल्या वाक्यामुळं: "सर, दिवाळीला घरी जाते म्हणून रजा टाकते आणि परत जातच नाही. चालेल ना?"

नाही चालणार. राजीनामा लिहून दे, त्यावर तारीख घाल आणि पोच घे. बाकी सगळं पुढं वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं कर.

तुला माझे वडील आठवणार नाहीत. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. कपड्यांना, केसांना, रुमालाला हळदीचा वास. अथणी-गोकाककडचे शेतकरी पोती घेऊन यायचे, तोल होईपर्यंत थांबायला वेळ नसायचा, "दिवाणजी, तुमच्यावर इस्वास हाय" म्हणून निघायचे. वडील त्यांना गाडीपासून हाताला धरून परत आणायचे. "इस्वास ठेवा, पण पोच घ्या." पोती किती, कुणाची, कुठल्या तारखेला, खाली सही. मी लहान होतो, मला वाटायचं हा माणूस उगाच वेळ घालवतो. ज्याचा आपल्यावर विश्वास आहे त्याला कागद कशाला? मला उलटं कळायला वयाची पस्तिशी उलटावी लागली. विश्वास असतो तेव्हाच कागद मागता येतो. भांडण झाल्यावर कोण देतो?

आता तुझ्या कामाचं. तू १७ एप्रिलला रुजू झालीस. प्रोबेशन सहा महिने, म्हणजे १६ ऑक्टोबरपर्यंत. तिथला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा, जो कामगार कायदा आहे, २०२१ चा ३३ क्रमांकाचा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला, त्यात सरळ लिहिलंय की प्रोबेशनमध्ये असताना नोकरी सोडून देशाबाहेर जायचं असेल तर १४ दिवस आधी लेखी कळवायचं. चौदा! तू साठ दिवसांच्या नोटिशीला घाबरून बसली आहेस, ती प्रोबेशन संपल्यावरची. कायदा ३० ते ९० म्हणतो, तुझ्या करारात ६० आहे. म्हणजे दिवाळीची वाट बघत बसलीस तर जी गोष्ट आज चौदा दिवसांची आहे ती साठाची करून घेशील, आणि वर पळून आलीस हा शिक्काही. हे गणित तू मला करायला लावलंस याचा राग आलाय, खरं सांगतो. एम.एस्सी. आहेस ना?

न कळवता निघालीस तर दोन गोष्टी होतात. नोटिशीच्या काळाचा पगार तुझ्याकडून मागता येतो, आणि वर्षभर तिथलं वर्क परमिट मिळत नाही. सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलीस आणि पत्ता लागला नाही तर शाळा तुला फरार म्हणून नोंदवू शकते. "एकदा विमानात बसलं की कोण काय करतंय" असं तुझी रूममेट म्हणते, तिला सांग की जानेवारी २०२० पासून तिथल्या दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपल्या जिल्हा कोर्टात मागता येते. शाळा पाच महिन्यांच्या मास्तरणीसाठी एवढा खटाटोप करेल असं मला वाटत नाही. पण बँक करते. क्रेडिट कार्ड घेतलं असलंस तर ते आधी मिटव आणि बंद केल्याचं लेखी घे. हीसुद्धा पोचच.

ते ८,५०० दिरहॅम. व्हिसा, तिकीट, एजन्सीची फी, सगळं तू भर, तरच सोडतो म्हणाले. हे कुणी म्हटलं? कुठं लिहून दिलं? "केबिनमध्ये बोलावून सांगितलं." म्हणजे हवेत सांगितलं. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला त्या कायद्यात बंदी आहे. तू तीन महिन्यांच्या आत परत तिथंच दुसरी नोकरी धरलीस तर हा खर्च मागायची सोय आहे, पण तीही नव्या मालकाकडून, तुझ्याकडून नाही. म्हणून भांडू नकोस, रडू नकोस. "मागणी कृपया लेखी द्यावी, कशाचे किती ते मांडून" एवढी एका ओळीची ई-मेल कर. माझा अनुभव असा की अशा मागण्यांना कागदावर यायला फार लाज वाटते.

पासपोर्ट ऑफिसात "सेफ" ठेवायला दिला आहेस, तोही असाच मागून घे. तो तुझाही नाही गं, त्यांचाही नाही. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानं तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, आणि कामगाराचे कागद अडकवायला तिथल्या कायद्यातही मनाई आहे. दिला नाही तर दुबईतलं आपलं कॉन्सुलेट आहे, परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी आपल्या सरकारचं 'मदद' पोर्टल आहे, तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार करता येते. दावा एक लाख दिरहॅमच्या आत असेल तर कोर्ट फी लागत नाही. त्याच ॲपवर तुझा मंत्रालयात नोंदलेला करार दिसेल, तो आजच उतरवून घे. शाळेनं सही घेतलेला करार आणि तो एकच आहे का, ते ओळ न ओळ ताडून बघ.

आता मी एवढा ठासून का बोलतोय ते ऐक. यातलं थोडं तुला माहीत आहे, सगळं नाही.

१९९३ साली मीही आखातात एका शाळेत गेलो होतो, दोन वर्षांच्या करारावर. देश आणि शाळा सांगत नाही. चौदाव्या महिन्यात तार आली, वडिलांना अर्धांगवायूचा झटका, मिरजेला ॲडमिट. पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत. राजीनामा दिला तर तो मिळायला महिना जाईल अशी धास्ती होती, म्हणून २१ दिवसांची रजा मागितली. प्राचार्य चांगले होते. व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "जा, बाकीचं मग बघू." हातात हात दिला. मी तो शब्द धरून बसलो. नंतर शाळेच्या दप्तरी नोंद झाली की हा मास्तर रजेवर गेला आणि फरार झाला. दीड महिन्याचा पगार राहिला, अनामत राहिली, आणि अनुभवाचा दाखला राहिला तो कायमचाच. दोन वर्षं पत्रं लिहिली. तिकडून एकच उत्तर आलं: आपण राजीनामा दिल्याची आमच्याकडे नोंद नाही. बरोबरच होतं त्यांचं, मी दिलाच नव्हता. इथं नोकरीला लागताना ते चौदा महिने माझ्या आयुष्यात झालेच नाहीत असं धरलं गेलं.

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मी पळून आलो नाही, मला फसवलं. तुझ्या मेसेजनंतर परवा रात्री माळ्यावरची पेटी काढली. २०१९ च्या पुरात पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा ती पेटी मी आधी माळ्यावर टाकली होती, टीव्ही नंतर. त्यात पत्रांच्या नकला आहेत आणि विमानतळावरची सामानाची पावती. ३८ किलो. त्यात मिक्सर होता, प्रेशर कुकर होता, माझी सगळी पुस्तकं होती. गादी रूममेटला देऊन आलो होतो. २१ दिवसांच्या रजेवर निघालेला माणूस मिक्सर बरोबर नेत नाही, पोरी. मला जाताना माहीत होतं.

हॉस्पिटलातून वडिलांना घरी आणलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती दिवसांची रजा?" तोंड वाकडं झालं होतं, शब्द नीट उमटत नव्हते. मी म्हणालो, एकवीस. त्यांनी कोपऱ्यातल्या मिक्सरच्या खोक्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुढं नऊ वर्षं जगले, एकदाही विषय काढला नाही.

आणि तरी मी म्हणेन, तेव्हा दुसरं काय करणार होतो? वडील मरणाच्या दारात असताना नियम वाचत बसू? आजही ती वेळ आली तर आधी विमानच पकडीन. पण दहावीचा वर्ग डिसेंबरात सोडला आणि त्या मुलांना "सोमवारी प्रकाशाचं अपवर्तन घेऊ" असं सांगून निघालो, त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. रजेवरून आल्यावर, म्हणजे न गेल्यावर, चार ओळींचं पत्र तरी टाकता आलं असतं. ते लाजेपोटी टाकलं नाही. तू तुझ्या दुसरीच्या पोरांना शेवटच्या दिवशी नीट सांगून ये. लेखी राजीनामा दिलेल्यालाच ते उजळ माथ्यानं करता येतं.

तुझा पत्राचा मसुदा वाचला. अडीच पानं! "आपणांस नम्र विनंती की माझा राजीनामा कृपया मंजूर व्हावा." अगं, राजीनामा म्हणजे रजेचा अर्ज आहे का? ती नोटीस आहे. मंजुरी मागायची नसते, कळवायचं असतं. अन्न, खोली, बसची ड्यूटी, आईचं दुखणं, सगळं काढून टाक. प्रत्येक कारण म्हणजे त्यांना वाद घालायला एक खिडकी. चार ओळी पुरेत: मी प्रोबेशनच्या काळात करार संपवते आहे, देश सोडून जाणार आहे, ही १४ दिवसांची नोटीस, कामाचा शेवटचा दिवस अमुक. खाली नाव, सही, तारीख. दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घ्यायचा. शिक्का देत नाहीत? मग तीच ई-मेलनं पाठव, आणि स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही प्रत टाक. शाळेचा ई-मेल तू बाहेर पडल्याच्या दिवशी बंद होतो आणि त्याबरोबर तुझे सगळे पुरावेही. प्राचार्यबाई गोड बोलून "थोडं थांब, बघू" म्हणाल्या तर संध्याकाळी त्यांनाच लिही: आज आपण असं म्हणालात. माझ्या त्या व्हरांड्यातल्या प्राचार्यांना मी एवढं लिहिलं असतं तर!

आणि जशी पोच घ्यायची तशी द्यायची नसते, हेही शीक. निघताना फायनल सेटलमेंटचा कागद पुढं करतील, "सर्व येणे मिळाले, तक्रार नाही." पैसे खात्यावर दिसल्याशिवाय त्यावर सही नाही. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळं देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटी तुला मिळणार नाही, तिला वर्ष भरावं लागतं, तेव्हा त्यावरून भांडू नकोस. हे मी शिकलो ते इथंच, एका संस्थेत, जिथं पगारपत्रकावर सही एका आकड्याची आणि पाकिटात रक्कम दुसरीच. पहिल्या महिन्यात केली सही. दुसऱ्या महिन्यात शेजारी मिळालेला खरा आकडा लिहून सही केली. मला अडीच वर्षं ताटकळत ठेवलं, वर्ग बदलले, माणसं बोलायची बंद झाली. हेकेखोर म्हणतात मला अजून. म्हणू देत. तू ज्या वर्गात बसायचीस ना, जिन्याखालचा अंधारा, तो त्या हेक्याबद्दलच मिळाला होता.

राहिली तुला तिकडं पाठवणारी पुण्याची एजन्सी. दीड लाखाचा बॉण्ड आणि सही केलेला कोरा चेक. कोरा चेक दिलास हे ऐकून मी पेन्सिल खाली ठेवली होती. आईला तरी विचारायचंस. असो. बॉण्डमध्ये दीड लाख लिहिलेत म्हणून दीड लाख द्यावे लागतात असं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. चेक मात्र खरा धोका आहे. बाऊन्स झाला की चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची नोटीस येते आणि पंधरा दिवसांत हलावं लागतं. त्यांना आजच लिही: चेक क्रमांक अमुक, तारण म्हणून कोरा दिला होता, कुठलंही देणं नाही, परत करावा. त्यांची सरकारी नोंदणी आहे का, तो क्रमांकही विचार. नोंदणीशिवाय परदेशी माणसं पाठवायला १९८३ च्या कायद्यानं बंदी आहे. ते पत्र मी इथून स्पीड पोस्टानं टाकतो, तू सही करून स्कॅन पाठव. कोर्टकचेरीपर्यंत गेलंच तर विश्रामबागेत माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो, त्याच्याकडे जाऊ. पैशाची काळजी करू नकोस, माझी गणिताची चोरलेली वही त्यानं अजून परत केलेली नाही.

आईला तुझ्या वतीनं मी सांगणार नाही. ते तूच सांग, आणि फोनवर सांग, त्याला कागद लागत नाही.

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी पत्र दे. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला दुपारपर्यंत हवा. 

तुझे,
सर

ता. क. मिक्सर आणायचा असला तर खुशाल आण.