उन्हाळी वाचनातलं पुस्तक श्रद्धेत बसत नसेल तर

प्रश्न: आम्ही माळकरी. मुलीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळालाय. सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात वाचायला एक चित्रमय आत्मकथन दिलंय, त्यात नग्न चित्रं आहेत. 'माझ्या श्रद्धेत बसत नाही, वाचणार नाही,' असं ती म्हणते. प्रवेश किंवा व्हिसा अडचणीत येईल का? मी कुलगुरूंना पत्र लिहू का? – एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. पत्र जरूर पाठवावं, पण ते मुलीने लिहावं, आणि कुलगुरूंना नको. अमेरिकेत कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क १९७४ च्या कायद्याने पालकांकडून विद्यार्थ्याकडेच जातो. त्यामुळे 'आम्ही विद्यार्थिनीशीच बोलू' असं उत्तर तुम्हाला येईल आणि हातातले दिवस वाया जातील.

आधी एवढं शोधा, की या पुस्तकाला गुण आहेत का. नुसतं 'कॉमन रीडिंग', म्हणजे सगळ्या नव्या विद्यार्थ्यांनी मिळून वाचायचं पुस्तक, असेल तर बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात गटचर्चा होते आणि विषय संपतो. ड्यूक विद्यापीठात २०१५ साली 'फन होम' हे चित्रमय आत्मकथन दिलं होतं. काही ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी नकार दिला, पण वाचन सक्तीचं नव्हतंच, त्यामुळे कुणाचं शैक्षणिक नुकसान व्हायचा प्रश्न नव्हता. मात्र हेच पुस्तक पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये (गुण असलेल्या चर्चावर्गात) असेल, त्यावर निबंध असेल, तर गुण अडकतात. म्हणून सिलॅबस मागवा आणि गुणांची विभागणी बघा.

गुण असतील तर सेमिनारच्या प्राध्यापकांना, नसतील तर प्रथम वर्षाच्या कार्यक्रमाच्या कार्यालयाला ईमेल करावा. आठ-दहा ओळी पुरतात. कोणत्या पानांवर अडचण आहे, ती श्रद्धेच्या कोणत्या गोष्टीशी येते, आणि त्याऐवजी काय करायची तयारी आहे, एवढं लिहावं. 'पुस्तक अश्लील आहे' असं लिहू नये. तिची हरकत चित्रांना आहे की विषयालाच, हे तिने आधी स्वतःशी ठरवावं. अडचण चित्रांचीच असेल तर ती पानं सोडून बाकीचं वाचण्याची परवानगी मागता येते, आणि अशी नेमकी मागणी मान्य करणं प्राध्यापकांना सोपं जातं. 'पुस्तकच काढून टाका' ही मागणी मात्र करू नये. त्याने तिची सोय बाजूला पडते आणि इतरांच्या वाचनाचा वाद सुरू होतो.

तो वाद कुठवर जातो ते चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००२ साली दिसलं. कुराणातल्या सुरुवातीच्या काळातल्या सुरांच्या (अध्यायांच्या) भाषांतराचं पुस्तक नव्या विद्यार्थ्यांना दिलं, तेव्हा एक संघटना आणि काही विद्यार्थी न्यायालयात गेले. न्यायालयाने कार्यक्रम थांबवला नाही. खरं तर विद्यापीठाने सवलत दिलेलीच होती. ज्याला वाचायचं नाही त्याने का वाचायचं नाही, यावर एक पान लिहून आणावं. तुमच्या मुलीने असाच पर्याय स्वतःहून सुचवावा, आणि चर्चेला जरूर जावं. हरकत पुस्तकाला आहे, वर्गाला नाही, हे त्यातून सगळ्यांना कळतं.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. संकोचापोटी मुलं इंटरनेटवरचा सारांश वाचतात आणि पुस्तक वाचल्यासारखा निबंध देतात. उघड हरकत घेण्यात नियमभंग नाही. हा निबंध मात्र शैक्षणिक अप्रामाणिकपणा ठरू शकतो, आणि त्याची नोंद राहते.

पुस्तक न वाचल्याने एफ-१ व्हिसाला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला, काही होत नाही. रागाच्या भरात तो कोर्सच सोडला तर मात्र धोका आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला सहसा किमान १२ क्रेडिट (प्रत्येक कोर्सला ठरलेली एककं) लागतात. त्याखाली गेल्यास विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा धोक्यात येतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कोर्स सोडायचा नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

ती पुढे कोणता मुख्य विषय घेणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चित्रकला घेतली तर नग्न मॉडेल बघून रेखाटन करावं लागू शकतं. साहित्य घेतलं तर अशी पुस्तकं पुन्हा येतील. जे अभ्यासक्रमाच्या गाभ्यातच आहे त्यातून सूट मिळणं अवघड असतं. युटा विद्यापीठासारख्या काही ठिकाणी अशा सवलतीचा लेखी नियम आहे, आणि तिथे अर्ज दंडाशिवाय कोर्स सोडण्याच्या मुदतीआधी द्यावा लागतो. तिच्या विद्यापीठात असा नियम आहे का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. विषय ठरला की मला पुन्हा लिहा, त्यातले कोर्स एकेक करून पाहू.